वेबवरील व्हिडिओ फॉरमॅटांचा वाद

वेबपानावर दिसणाऱ्या व्हिडिओ फाइलमध्ये दोन निरनिराळ्या गोष्टी असतात : चित्र ज्या पद्धतीने संपीडित केले जाते तो कोडेक आणि चित्र व ध्वनी एकत्र बांधणारे वेष्टन. एमपी४, ऑग व वेबएम ही वेष्टने होत. ‘फाइल एमपी४ आहे’ एवढ्यावरून ती एखाद्या ब्राउझरमध्ये चालेलच असे म्हणता येत नाही, कारण आत कोणता कोडेक आहे यावर ते अवलंबून असते. आणि वेबवर कोणता फॉरमॅट वापरावा हा वादही मुख्यतः कोडेकवरील पेटंटांचाच होता.

यूट्यूबसह बहुतेक संकेतस्थळे सुरुवातीला फ्लॅश प्लेअर या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पूरक प्रोग्रामवर, विसंबून होती. ब्राउझरनेच व्हिडिओ दाखवावा यासाठी ऑपेरा कंपनीने २००७ मध्ये एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेत स्वतंत्र टॅग सुचवला, आणि एचटीएमएल ५ च्या मसुद्यात त्याच्यासोबत ऑग थिओराची शिफारस आली. ऑन२ कंपनीने खुल्या केलेल्या व्हीपी३ या कोडेकवरून तयार झालेला थिओरा हा कोडेक विनामूल्य होता. मात्र नोकिया आणि ॲपल यांनी हरकत घेतल्यावर त्याच वर्षअखेर ही शिफारस काढून टाकण्यात आली. थिओरावर एखादे अज्ञात पेटंट पुढे निघेल, ही ॲपलची भीती होती. उलट २००३ मधील एच.२६४ हा कोडेक उलगडण्याची सोय मोबाइलच्या चिपमध्येच असे, पण त्याच्या परवान्यासाठी शुल्क पडे. ते मोझिला व ऑपेरा यांना मान्य नव्हते. एचटीएमएलच्या प्रमाणकाने कोडेकबाबत मौनच पाळले आणि संकेतस्थळ चालवणाऱ्यांना एकाच व्हिडिओच्या दोन-दोन प्रती ठेवाव्या लागल्या.

गूगलने २०१० मध्ये ऑन२ विकत घेऊन व्हीपी८ हा कोडेक वेबएम वेष्टनात सर्वांना खुला केला. जानेवारी २०११ मध्ये तर क्रोममधून एच.२६४ काढून टाकण्याची घोषणाही केली, जी प्रत्यक्षात कधीच उतरली नाही. तोवर मोबाइलने निकाल बराचसा एच.२६४ च्या बाजूने लावून टाकला होता. मोझिलाने २०१२ मध्ये, काहीशा नाइलाजानेच, एच.२६४ स्वीकारायचे ठरवले. पुढच्या वर्षी सिस्कोने त्याचे शुल्क स्वतः भरून तयार कोडेक मोफत देऊ केला.

एच.२६४ नंतरच्या एचईव्हीसी या कोडेकचे परवाने एकाहून अधिक पेटंटसमूहांत (पेटंटांचे परवाने एकत्रितपणे देणाऱ्या गटांत) विभागले गेल्याने तो वेबवर फारसा रुजला नाही. २०१५ मध्ये गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट, नेटफ्लिक्स आदींनी आघाडी स्थापली आणि २०१८ मध्ये एव्ही१ हा विनाशुल्क कोडेक प्रसिद्ध केला. ॲपलही या आघाडीत आली. तिच्या आयफोनमध्ये एव्ही१ उलगडणारी चिप मात्र २०२३ मध्ये आली.