कढीलिंबाचे पुनरुज्जीवन

कढीलिंब (कढीपत्ता, गोडलिंब, शास्त्रीय नाव मुराया कोनिगी, कुल रुटेसी) हे लिंबू आणि बेल यांच्या कुलातील मोठे झुडूप मूळचे भारतीय उपखंडातील असून सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत ते रानटी अवस्थेतही आढळते. जंगलात देखभालीवाचून वाढणारे हे झुडूप परसात किंवा कुंडीत मात्र साचलेले पाणी, अपुरी जागा, चुनखडीची माती आणि स्वयंपाकासाठी होणारी सततची तोडणी यांमुळे खुरटते. त्याला पुन्हा फुटीवर आणताना आधी कारण ओळखावे लागते, कारण निरनिराळ्या दुखण्यांची लक्षणे वरवर सारखीच दिसतात.

पाने झडलेले झुडूप मेले असे लगेच समजू नये. दख्खनच्या पठारावर थंडीत त्याची वाढ मंदावते आणि थोडीफार पानगळ होतेच. साल नखाने खरवडल्यावर आत हिरवा, ओलसर थर दिसल्यास फांदी जिवंत असते. शेंड्याकडून वाळत आलेल्या झुडपालाही बुंध्यातून किंवा मुळांतून फुटवे येऊ शकतात.

पिवळेपणाचे निदान पानाच्या वयावरून होते. जुनी, खालची पाने सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्राची उणीव असते. कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. चुनखडीयुक्त काळ्या मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही, म्हणून अशा मातीत चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेले लोह) देतात किंवा लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडे लिंबूसत्त्व मिसळून पानांवर फवारतात. घरोघरी बुंध्याशी आंबट ताक ओतण्याची प्रथा आहे; ताकातील आम्लाने माती किंचित आम्लधर्मी होत असली, तरी चुनखडी ते आम्ल लवकर निष्प्रभ करते, त्यामुळे ताकावर फार भिस्त ठेवणे योग्य नाही. माती ओली असूनही पाने मलूल होऊन गळत असतील, तर मुळे कुजत असल्याची शक्यता अधिक. नेमक्या याच वेळी झाड तहानलेले समजून आणखी पाणी घातले जाते आणि ते दगावते. अशा वेळी पाणी तोडून निचरा सुधारावा, कुजलेली काळी मुळे कापून कुंडीतील माती बदलावी.

लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या पाने कुरतडतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मोठेपणी हिरव्या दिसतात. हाताने वेचणे पुरेसे होते. खोडावर मुंग्यांची ये-जा आणि पानांवर काळी काजळी दिसल्यास खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. पाने पोटात जाणारी असल्याने साबणाच्या पाण्यात कालवलेले निंबोळी तेल संध्याकाळी फवारणे बरे.

थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाळलेला भाग जिवंत लाकडापर्यंत छाटतात. पुढेही पाने सुटी ओरबाडण्याऐवजी फांदीचा शेंडा खुडल्यास खालचे डोळे फुटून झुडूप डेरेदार होते. कुंडीत मुळांचे जाळे दाटले असल्यास बाहेरची मुळे थोडी छाटून नव्या मातीत लावावे. खत नवी फूट दिसल्यानंतरच द्यावे, कारण दुबळ्या मुळांना ते सोसत नाही.