संत्र्याच्या आळ्यातलं हायड्रोजेल आणि सुईतलं हायड्रोजेल

मोठेबाबांच्या गुडघ्यात जेलचं इंजेक्शन द्यायचं ठरलं, तेव्हा वरुडहून त्यांचा फोन आला : "हे तेच व्हय का बे, जे आपण संत्र्याच्या आळ्यात टाकलं होतं?"

हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. नाव एकच आणि मूळ कल्पनाही एकच. रेणूंच्या लांबलचक साखळ्या जागोजागी एकमेकींना बांधून जाळं तयार होतं आणि त्यात पाणी अडकतं. भिजवलेल्या सब्जाच्या दाण्याभोवती जमणारा बुळबुळीत गोळा हे हायड्रोजेलच.

कृषी केंद्रातून आणलेल्या दाण्यांचं जाळं कारखान्यातच बांधून झालेलं असतं. ते पाण्यात फुगतात आणि माती सुकू लागली की मुळांना ओल देतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर आधारलेलं आहे. ते वजनाच्या किमान ३५० पट पाणी शोषतं, पण हा आकडा शुद्ध पाण्याचा. क्षार वाढले की असले दाणे कमी फुगतात, म्हणजे आपल्या खारपाणपट्ट्यात हिशेब वेगळा.

हे फुगलेले दाणे बारीक सुईतून जाणार कसे? म्हणून औषध पोटात धरून हळूहळू सोडणाऱ्या, सुईतून द्यायच्या हायड्रोजेलचं जाळं बहुधा शरीरात गेल्यावर बांधलं जातं. सिरिंजमध्ये द्रव, आत जेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी अल्जिनेटचं पाहिलंय. हे तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात. त्याच्या द्रावणाचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडला, की बुडता बुडताच त्यावर साय धरते आणि भिजल्या साबुदाण्यासारखा मणी हाती येतो. त्या द्रावणात आधी औषध मिसळलं असेल, तर ते मण्यात कोंडलं जातं. लहान रेणू जाळ्याच्या छिद्रांतून लवकर निसटतात, मोठी प्रथिनं हळू. सुरुवातीलाच बरंचसं औषध भसकन बाहेर पडणं ही या जेलची जुनी खोड.

कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून होणाऱ्या कायटोसानची तऱ्हा निराळी. त्याच्या आम्लधर्मी द्रावणात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट नावाचा क्षार मिसळला, की ते थंडीत पातळ राहतं आणि ३७ अंशांना, म्हणजे अंगाच्या उष्णतेला, गोठतं. पुढे शरीरातलं लायसोझाइम नावाचं विकर हे जाळं हळूहळू कुरतडतं. कागदावर झकास! पण मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो. तिथे लाइट गेली आणि फ्रिज बंद पडला, तर औषध रुग्णाच्या अंगात जायच्या आधी बाटलीतच गोठून बसायचं. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांसाठी मला हीच खरी अडचण वाटते, आणि लेखांमध्ये ती क्वचितच दिसते.

शेतातल्या दाण्यांत बहुधा अ‍ॅक्रिलेट या कृत्रिम रसायनाचा भाग असतो, तो शरीराला पचवता येत नाही. त्यामुळे दोन्हींची अदलाबदल शक्यच नाही.

मोठेबाबांचं इंजेक्शन मात्र या दोन्हींपेक्षा वेगळं निघालं. ते हायलुरोनिक आम्लाचं होतं, सांध्यातल्या वंगणासाठी. त्यात सोडायला औषधच नव्हतं. हे आम्ल कोंबड्याच्या तुऱ्यातून काढतात किंवा बॅक्टेरियाकडून बनवून घेतात, एवढं मी बोलून गेलो आणि माळकरी मोठेबाबा खुर्चीतून उठलेच. डॉक्टरांनी खोका उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचली. बॅक्टेरियाचं होतं. मग मोठेबाबा पाय लांब करून बसले.