फुकटचं काम आणि साईड प्रोजेक्ट: पैसे दोन्हीत नाहीत, मग फरक कुठंय?

इलस्ट्रेशनवर पोट असलेल्या माणसाला घरचे कधी ना कधी विचारतातच, "ते बिनपैशाचं काम अजून चालूच आहे का?" बाहेरून बघणाऱ्याला कळणार तरी कसं म्हणा, रात्री उशिरा टॅब्लेटमध्ये डोकं घालून बसलेला माणूस कोणासाठी तरी फुकट सॅम्पल काढतोय की स्वतःच्या हौशीची कबुतरं, पाठ दोन्हीकडे सारखीच वाकलेली.

पैशावरून फरक करायला गेलात की गोंधळ अजून वाढतो. साईड प्रोजेक्टचे, म्हणजे स्वतःच्या हौशीनं काढलेल्या कामाचे, प्रिंट्स विकले जाऊ शकतात आणि फुकटच्या कामातही "पुढं मोठं काम देऊ" हे गाजर असतंच. मी एकच गोष्ट बघतो, करेक्शन सांगायचा हक्क कोणाकडे आहे.

मुलांच्या चित्रपुस्तकाचंच घ्या. समोरून निरोप येतो, "एकच स्प्रेड काढून पाठवा, स्टाईल जुळते का बघू." एकच! स्प्रेड म्हणजे समोरासमोरची दोन पानं. चित्रपुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पानं 8 किंवा 16 च्या पटीत निघतात, आणि त्यातून टायटल, कॉपीराईटचं पान वगैरे वजा केलं की गोष्टीला उरतात साधारण 12 ते 14 स्प्रेड. म्हणजे "एकच" म्हणत पुस्तकाचा बारावा-तेरावा हिस्सा मागून झाला. वर डोकं खाणारी कामं, कॅरेक्टर कसं दिसणार, रंग कुठले, रेघ जाड की बारीक, ही सगळी त्या पहिल्या स्प्रेडमध्येच उरकावी लागतात.

मग करेक्शन सुरू. कोल्हा जरा गोड करा, शेपूट लहान चालेल का, मागे संध्याकाळ दाखवा. आणि शेवटी हळूच, "लेअरवाली फाईल पाठवा ना." इथे कान टवकारायचे. लेअरवाल्या फाईलमध्ये कोल्हा वेगळा, झाडं वेगळी, आकाश वेगळं, कोणीही कोल्हा उचलून दुसऱ्या पानावर चिकटवू शकतो. स्टाईल बघायला छोटा जेपीजी पुरतो की.

(सॅम्पलचे पैसे देणारेही असतात. ते सरळ छोटं काम, त्याचा इथे प्रश्नच नाही. एखाद्या संस्थेला मनापासून पोस्टर काढून दिलं तर ती देणगी, तीही वेगळी.)

आता झीन बघा, म्हणजे आपणच काढून आपणच छापलेली पुस्तिका, समजा त्या हौशीच्या कबुतरांची. ए-फोरचा एक कागद, घड्या घालून आठ चौकोन, मधल्या घडीवर एक काप, आणि दुमडलं की आठ पानांची चिमुकली पुस्तिका तयार, स्टेपलरही नको. गंमत अशी की कागद सपाट पसरला की वरच्या ओळीतली चार पानं उलटी काढावी लागतात, नाहीतर दुमडल्यावर कबुतरं डोक्यावर उभी. घरचा प्रिंटर कडेला थोडी पांढरी पट्टी सोडतो, म्हणून चित्र आतच ठेवायचं. ही सगळी झटापट कोणी सांगितलेली नसते आणि पाचव्या पानावर कंटाळा आला तर पुस्तिका पाच पानांवर सोडून द्यायलाही कोणाची परवानगी लागत नाही. अर्धवट सोडायची मुभा ही मला साईड प्रोजेक्टची सगळ्यात मोठी चैन वाटते.

घोळ होतो तो मधल्या प्रकारांत. इंकटोबर घ्या, जेक पार्करने 2009 मध्ये सुरू केलेलं, ऑक्टोबरभर रोज एक शाईचं चित्र. विषयांची यादी दुसऱ्याची असते, पण "परत काढा" म्हणणारं कोणी नसतं, म्हणजे साईड प्रोजेक्टच. उलट लोगोच्या किंवा पोस्टरच्या स्पर्धा दिसतात मजेच्या, पण नियम शेवटपर्यंत वाचा, कधीकधी तिथे लिहिलेलं असतं की आलेल्या सगळ्या चित्रांचे हक्क आयोजकांचे. सगळ्या, नुसत्या जिंकलेल्या नाही! कॉपीराईटचा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत चित्र काढल्याबरोबर कॉपीराईट काढणाऱ्याचा होतो, नोंदणीही लागत नाही, आणि एवढी हक्काची गोष्ट आपण एका टिकमार्कवर देऊन टाकतो.

मित्राचं पुस्तक हा अजून एक सापळा. "आपलंच आहे रे, विकलं की वाटून घेऊ" म्हणतो आणि तिसऱ्या रफला, म्हणजे कच्च्या चित्राला, मित्राचा क्लायंट झालेला असतो. दोघांनी मिळून ठरवलेलं असेल तर ती भागीदारी, पण तो सांगणार आणि तुम्ही काढणार असं असेल तर ते कामच, आपलं म्हटल्याने बदलत नाही.

आणि उलटंही होतं. झीनची प्री-ऑर्डर घेतली, लोकांनी पैसे भरले, की अर्धवट सोडायची मुभा त्या दिवसापासून बंद. वाईट काही नाही त्यात, फक्त कॅलेंडरमध्ये ते क्लायंटच्या कामांशेजारी लिहायचं, रविवारच्या हौशीत नाही.

सॅम्पल मागणाऱ्याला मी सरळ झीनची पानं पाठवतो. प्राणी, एकच कॅरेक्टर वेगवेगळ्या पोझमध्ये, रंग, सगळं असतंच त्यात. तरी त्यांना त्यांच्याच गोष्टीतला कोल्हा हवा असेल तर टेस्ट स्प्रेडचा रेट, दोन वेळा करेक्शन, फाईल जेपीजी, एवढं मेलमध्ये लिहून टाकतो. ज्याला खरंच पुस्तक करायचंय तो त्यावर निदान घासाघीस तरी करतो.