सिंगिंग बाउल : वादन आणि शिक्षण

सिंगिंग बाउल हे काशाचे, वाटीच्या घाटाचे घनवाद्य आहे. बाहेरच्या अंगावर हलका ठोका देऊन किंवा काठावरून लाकडी दांडी गोल फिरवून ते वाजवतात. टांगलेली घंटा उलटी करून हातावर ठेवावी, तसा हा प्रकार. नेपाळमधील काठमांडू खोरे, त्यातही पाटण (ललितपूर), हे त्याच्या घडणीचे आणि व्यापाराचे प्रमुख केंद्र आहे.

विक्रेते ‘सप्तधातू’ सांगतात; प्रत्यक्षात चांगला बाउल म्हणजे सुमारे ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथील. इतके कथील असलेले कासे थंड असताना ठोकले तर तडकते. म्हणून ओतीव चकती पुन्हा पुन्हा लालबुंद तापवून घडवतात. यंत्रावर कातलेले पितळी बाउल स्वस्त मिळतात, पण त्यांचा नाद लवकर विझतो. महाराष्ट्रात तूप लावून तळपाय घासायला वापरतात ती काशाची वाटी याच धातूची.

‘तिबेटी’ हे विशेषण जपूनच घ्यावे. तिबेटी बौद्ध विधींत हातघंटा आणि तिंगशा ही जोडझांज वाजते. काठ घासून बाउल वाजवण्याच्या जुन्या परंपरेचा ठोस पुरावा मिळालेला नाही. पाश्चात्त्यांच्या कानी हा नाद मुख्यतः हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या वादकांच्या १९७२ मधील ‘तिबेटन बेल्स’ या ध्वनिमुद्रिकेमुळे पडला. जपानी मंदिरांत पठणाच्या वेळी वाजणारी ‘रिन’ हे याच कुळातले वाद्य, पण तिला फक्त ठोका देतात.

शिकणाऱ्याची पहिली अडचण बाउल धरण्यातच असते. लहान बाउल सपाट तळव्यावर किंवा बोटांच्या टोकांवर ठेवतात. बोटे वर वळून अंगाला टेकली की नाद दबतो. मोठे बाउल गादीच्या चुंबळीवर ठेवतात. आधी हलका ठोका देऊन नाद जागा करायचा, मग दांडी काठाला टेकवून सावकाश फिरवायची. मनगट न वळवता सगळा हात फिरवला तर दाब सारखा राहतो. व्हायोलिनच्या गजाप्रमाणे दांडी काठाला क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि त्यातून कंपने वाढत जातात. घाई केली किंवा दाब कमी पडला, की दांडी उडते आणि खडखड ऐकू येते. नवशिका अशा वेळी वेग वाढवतो. करायचे असते नेमके उलट. चामडे गुंडाळलेल्या दांडीने खालचा, घुमारदार स्वर सहज निघतो, तर उघड्या लाकडाने वरचे तीव्र स्वर. बाउलमध्ये थोडे पाणी घालून वाजवले तर काठालगत लाटा उठतात आणि जोर वाढवल्यावर थेंब उडतात. कंपन डोळ्यांनी पाहायचा हा सोपा मार्ग.

एका बाउलला एकच स्वर नसतो. तंबोऱ्याचे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणारे वरचे स्वर, मूळ कंप्रतेच्या (दर सेकंदाच्या कंपनसंख्येच्या) दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. बाउलचा दुसरा स्वर मात्र साधारण पावणेतीन पटीच्या आसपास पडतो, म्हणून कान नेमका स्वर ठरवायला अडखळतो. हाताने घडवलेली भिंत सगळीकडे सारखी जाड नसल्याने अगदी जवळच्या दोन कंप्रता एकत्र उमटतात आणि नाद डोलत राहतो. योगात मानलेले शरीरातील एकेक चक्र आणि त्याचा ‘स्वर’ अशी जी कोष्टके प्रशिक्षणवर्गांत दिली जातात, ती अलीकडची आहेत. बाउलच्या ध्वनिशास्त्राशी त्यांचा मेळ बसत नाही.

ध्यानसत्रात वादनापेक्षा थांबणे शिकायला वेळ लागतो : पहिला नाद पुरता विरण्याआधी दुसरा ठोका पडता कामा नये. अंगावर बाउल ठेवण्याची ‘ध्वनी-मसाज’ पद्धत जर्मनीत पीटर हेस यांनी रूढ केली. गर्भवती, पेसमेकर बसवलेल्या किंवा अपस्माराचा त्रास असलेल्या व्यक्तींबाबत जाणकार वादक ती टाळतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६२ जणांचा ताण सत्रानंतर कमी झालेला आढळला. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे गुण बाउलचा की तासभर निवांत पडून राहण्याचा, हे त्यावरून ठरत नाही.