महापुराच्या गावात पाण्याची बचत

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरला वेढा घातला, तेव्हा नदीकाठची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि शहराच्या मोठ्या भागातील नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. गावाभोवती पाणीच पाणी आणि घरात मात्र टँकरची वाट पाहणे, ही अवस्था हजारो कुटुंबांनी अनुभवली. नदीत पाणी असणे आणि वापरण्याजोगे पाणी घरात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवसांत लख्ख दिसले.

तरीही पाणीबचतीचा विषय निघाला की आपल्यापैकी अनेकांना तो माणदेशाचा किंवा मराठवाड्याचा वाटतो. राजर्षी शाहू महाराजांच्या दूरदृष्टीतून उभे राहिलेले राधानगरी धरण आणि दूधगंगेवरील काळम्मावाडीचे धरण यांच्या जोरावर आपल्याला टंचाईची झळ क्वचितच बसते, हे खरे आहे. परंतु नळातून येणारा प्रत्येक लिटर कोणीतरी विजेच्या पंपाने उचललेला असतो, तुरटी आणि क्लोरीन वापरून शुद्ध केलेला असतो, आणि तो वापरून झाला की त्याचे सांडपाणी होते. काळम्मावाडीहून २०२३ मध्ये शहरात पोहोचलेल्या थेट पाईपलाईनची लांबीच सुमारे ५३ किलोमीटर आहे. शहरी माणसाला दररोज १३५ लिटर पाणी लागते, असे भारतातील पाणीपुरवठा योजनांमध्ये धरले जाते आणि त्यातील साधारण ८० टक्के गटारात जाते, असा हिशेब असतो. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती. तेवढीच धरली तरी दररोज जवळजवळ सहा कोटी लिटर सांडपाणी तयार होते. म्हणून कोल्हापुरात पाणी वाचवण्याचे मुख्य कारण धरणात किती पाणी उरले हे नसून, आपण नदीला काय परत देतो आणि त्यासाठी किती वीज जाळतो, हे आहे.

विजेचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सहसा नजरेतून सुटतो. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच ऊर्जेत ते पाणी, पंपातील घट सोडून, सुमारे ४२७ मीटर उंच उचलता येईल. म्हणजे कोल्हापुरातून पन्हाळ्याच्या माथ्यावर एक बादली पाणी चढवणे आणि तीच बादली जेमतेम एका अंशाने कोमट करणे, यांची ऊर्जा ढोबळमानाने सारखीच आहे. अंघोळीसाठी आपण पाणी एका अंशाने नव्हे, वीसेक अंशांनी तापवतो. वीस लिटरच्या एका बादलीला त्यासाठी जवळपास अर्धा युनिट वीज पडते. मिनिटाला दहा लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहिले, तर चार बादल्या पाणी आणि सुमारे दोन युनिट वीज खर्च होते. घरातील गरम पाण्याची बचत ही म्हणूनच सर्वांत मोलाची बचत आहे आणि बादली-तांब्याची आपली जुनी पद्धत या कसोटीवर आजही उत्तम ठरते.

छतावरील सौर बंबाचा एक दोष थोड्या लक्षाने भरून काढता येतो. टाकीपासून न्हाणीघरापर्यंतचा नळ पंधरा मीटर लांब आणि आतून दोन सेंटिमीटर रुंद असेल, तर त्यात पावणेपाच लिटर पाणी थंड होऊन बसलेले असते. गरम पाणी येईपर्यंत ते सरळ मोरीत सोडले जाते. सकाळी चौघांनी वेगवेगळ्या वेळी अंघोळ केली, तर हे चार वेळा घडते. नळाखाली आधी रिकामी बादली लावावी आणि ते थंड पाणी धुण्यासाठी किंवा त्याच अंघोळीच्या विसणासाठी वापरावे. एकामागून एक अंघोळी उरकल्या, तर नळाला निवायला वेळच मिळत नाही. नळावर उष्णतारोधक फोमचे वेष्टन चढवले, तर हिवाळ्यात फरक हाताला जाणवतो. पावसाळ्यातील ढगाळ महिन्यांत सौर बंब पुरेसा तापत नाही, हे मात्र कोल्हापुरात गृहीतच धरावे लागते.

आता पिण्याच्या पाण्याकडे येऊ, कारण येथे आपल्याकडे गैरसमज फार आहेत. घरोघरी आरओ यंत्रे बसली आहेत. या यंत्रात पाणी दाबाने एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते, विरघळलेले क्षार मागे राहतात आणि ते वाहून नेण्यासाठी शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकावे लागते. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला वीस लिटर लागले, तर चाळीस ते साठ लिटर रोज गटारात जातात. समुद्राजवळच्या किंवा खारट बोअरच्या गावात हा सौदा समजण्यासारखा आहे. पण भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी या सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांचे पाणी मुळात मृदू, म्हणजे कमी क्षारांचे असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे योग्य मानले जाते आणि त्याहून कमी प्रमाण असेल तेथे आरओच्या वापरावर निर्बंध घालावेत, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिले होते. हे प्रमाण दाखवणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. यंत्र विकत घेण्यापूर्वी तो एकदा नळाच्या पाण्यात बुडवून पाहावा.

त्याच वेळी हेही सांगितले पाहिजे की, टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक, असा अर्थ होत नाही. तो मीटर केवळ विद्युतवाहकतेवरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला दिसत नाहीत. आपल्या नद्यांचा खरा धोका क्षारांचा नसून सांडपाण्यातून येणाऱ्या रोगजंतूंचा आणि पावसाळ्यातील गढूळपणाचा आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपटायटीस ई या विषाणूची होती. अशा जंतूंसाठी आधी गाळणे आणि नंतर अतिनील किरणांचा दिवा, किंवा खळखळून उकळणे, हे उपाय पुरेसे प्रभावी असून त्यात पाणी वाया जात नाही. गाळणे आधी का, तर गढूळ पाण्यातील कणांच्या आडोशाला जंतू किरणांपासून वाचतात. घरात बोअरचे जड पाणी असेल किंवा आरओ आधीच बसवलेला असेल, तर बाहेर पडणारे पाणी एका पिंपात साठवावे. नळाच्या पाण्याचा टीडीएस १५० असेल, तर या टाकाऊ पाण्याचा २०० ते २२५ भरतो. त्याने फरशी पुसता येते, शौचालयात ते वापरता येते आणि झाडांनाही घालता येते. बोअरच्या बाबतीत आकडा मोजूनच झाडांना घालावे.

मृदू पाण्याचा आणखी एक फायदा आपण घेतच नाही. साबणाला जड पाण्यात फेस येत नाही, कारण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला अडवतात. म्हणून धुण्याच्या पावडरीत सोडा आणि इतर क्षार घातलेले असतात. आपल्या पाण्यात हा अडथळा कमी असल्याने नेहमीच्या निम्म्या पावडरीत बहुतेक कपडे स्वच्छ निघतात. पावडर कमी, तर फेस कमी आणि फेस कमी, तर खळबळण्याचे पाणीही कमी. एक आठवडा माप निम्मे करून पाहावे. पावडर निवडताना फॉस्फेटविरहित घ्यावी, कारण गोड्या पाण्यातील शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसच्या तुटवड्यामुळेच मर्यादेत राहिलेली असते. तो तुटवडा सांडपाण्याने भरून निघाला की काय होते, ते रंकाळ्याच्या हिरव्या झालेल्या पाण्याने आपल्याला दाखवले आहे. पंचगंगेत उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो आणि नदी ही कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे अडलेल्या डोहांची रांग होते. त्या साचलेल्या पाण्यात आपले सांडपाणी पातळ व्हायला जागाच उरत नाही, जलपर्णी पसरते, प्राणवायू घटतो आणि शिरोळ तालुक्यात मासे मरून पडतात. तेथून पुढे नृसिंहवाडीला हेच पाणी कृष्णेला मिळते.

स्वयंपाकघरातील तेलाचेही तसेच आहे. तांबड्या रश्श्याचे पातेले थेट नळाखाली धरू नये. आधी त्यातील तवंग जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्याने किंवा नारळाच्या शेंडीने पुसून घेतला, तर भांडे अर्ध्या पाण्यात निघते आणि गटारात चिकट थर साचत नाही.

पूर्वी कोल्हापुरातील वाड्यांच्या परसात मोरीचे पाणी जेथे उतरायचे, तेथे अळू, केळी आणि कर्दळ लावलेली असे. ही झाडे सतत ओल्या मुळांना सरावलेली असतात, सांडपाण्यातील नत्र आणि फॉस्फरस शोषून घेतात आणि मातीतील जीवाणू साबणाचे विघटन करतात. आजच्या बंगल्यातही अंघोळीच्या आणि कपडे खळबळण्याच्या पाण्यासाठी हे करता येते. पथ्ये एवढीच की, ते पाणी एका दिवसापेक्षा जास्त साठवू नये, कारण प्राणवायू संपताच ते कुजून दुर्गंधी येते. ब्लीचिंग किंवा अ‍ॅसिड वापरलेल्या दिवशी ते झाडांकडे वळवू नये. आणि कोथिंबीर, मेथी यांसारख्या पालेभाज्यांवर ते शिंपडू नये.

गळतीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर ठिबकणाऱ्या नळाखाली लिटरची बाटली ठेवून घड्याळ पाहावे. ती तासाभरात भरली, तर दिवसाला २४ लिटर जातात, आणि बहुधा दहा-वीस रुपयांचा वायसर बदलून ते थांबते. फ्लशच्या टाकीची गळती मात्र आवाज करत नाही. रात्री टाकीत खाण्याचा थोडा रंग टाकावा आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला, तर आतील झडप गळते आहे असे समजावे. जुनी टाकी एका वेळी दहा लिटर किंवा त्याहून अधिक पाणी सोडत असेल, तर पाण्याने भरून झाकण घट्ट लावलेली एक लिटरची बाटली आत उभी ठेवली की दर वेळी लिटरभर पाणी वाचते. बाटली झडपेला किंवा तरंगत्या बोंडाला अडू नये. वीट ठेवू नये, कारण ती झिजून तिची माती झडपेत अडकते. भांडी धुण्याच्या नळाच्या तोंडाशी आट्यांवर बसणारी जाळी पाण्यात हवा मिसळते, त्यामुळे निम्म्याहून कमी पाण्यातही धार भरीव राहते. पावसाळ्यात गाळाने ती तुंबते. काढून जुन्या दातब्रशने घासली की पूर्ववत होते.

पावसाच्या पाण्याविषयीची आपली कल्पना मोठ्या हौदाची आणि मोठ्या खर्चाची असते. गणित वेगळे सांगते. एक हजार चौरस फुटांच्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की, उडून आणि सांडून जाणारे वजा जाता सुमारे ७५ लिटर मिळतात. म्हणजे चौदा मिलिमीटरच्या सरीत हजार लिटरची टाकी भरते. जुलै-ऑगस्टमध्ये असे दिवस कोल्हापुरात भरपूर येतात. लहान टाकी रोज रिकामी करून पुन्हा भरली, तर चार महिने शौचालय, फरशी आणि धुणे छतावरच्या पाण्यावर भागते. हंगामातील पहिल्या सरींचे पाणी छतावरील धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते बाहेर सोडून द्यावे. महापुरात नळ बंद पडतात, तेव्हा ही टाकी नेमकी भरलेली असते.

हेच पाणी जमिनीत मुरवायचे असेल, तर आधी खाली काय आहे ते पाहावे. काळी माती भिजली की फुगते आणि स्वतःच्या भेगा बुजवते, त्यामुळे तिच्यात काढलेला शोषखड्डा तळ्यासारखा भरून राहतो. खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे, कारण आपल्या बेसाल्ट खडकात पाणी साठते ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. अखंड पाषाणात ते शिरत नाही. वाड्यात जुना आड असेल, तर गाळलेले छताचे पाणी त्यात सोडणे हा नव्या खड्ड्यापेक्षा चांगला मार्ग आहे. नदीकाठच्या सखल पेठांमध्ये पावसाळ्यात भूजल आधीच वर आलेले असते, तेथे मुरवण्यापेक्षा वापरणेच योग्य.

ओला कचरा घरी जिरवण्याचा पाण्याशी संबंध कुंडीत दिसतो. कोल्हापूरच्या दमट पावसाळ्यात कंपोस्टची बादली चिघळते आणि लोक कंटाळून ती बंद करतात. भाजीच्या देठांत नत्र आणि पाणी जास्त असते, तर जीवाणूंना एक भाग नत्रामागे तीसेक भाग कर्ब लागतो. तो कर्ब आपल्याकडे रसवंतीच्या दारात पडलेला असतो. उसाचे चिपाड वाळवून, बोटभर तुकडे करून कचऱ्याच्या प्रत्येक थरावर मूठ-दोन मुठी पसरले, तर जादा ओल शोषली जाते, हवा खेळते आणि वास थांबतो. तयार झालेले खत कुंडीतील मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढवते, आणि वर शेतातून आणलेल्या पाचटाचे दोन बोटे जाड आच्छादन घातले, तर एप्रिलच्या उन्हातही ओल टिकते. पाणी घालण्यापूर्वी आच्छादन बाजूला करून मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. आत ओल लागली, तर त्या दिवशी पाणी घालू नये.