रक्त कमी, पण लोह जास्त

रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी दिसले की पहिला विचार लोहाच्या गोळ्यांचा येतो, आणि तो बहुतेक वेळा बरोबरही असतो, कारण जगभरात रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. परंतु रक्तक्षय म्हटल्याने निदान पूर्ण होत नाही. तांबड्या पेशी पुरेशा तयारच होत नाहीत, रक्तस्रावात वाहून जातात, की तयार होऊनही वेळेआधी नष्ट होतात, हे त्यानंतर शोधावे लागते. यांपैकी शेवटच्या प्रकाराला रक्तविघटनजन्य रक्तक्षय म्हणतात, आणि त्यातील काही आजारांत विचार न करता घेतलेले लोह निरुपयोगी तर असतेच, शिवाय अपायकारकही ठरू शकते.

निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तिला केंद्रक नसते, त्यामुळे झीज झाली तरी नवी प्रथिने तयार करून ती भरून काढणे तिला जमत नाही. सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची ही पेशी स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांतून आणि प्लीहेतील त्याहूनही बारीक फटींतून अंग चोरून पुढे सरकते. ज्या पेशीची लवचिकता संपते ती तिथेच अडकते आणि भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातील लोह पुन्हा वापरले जाते आणि हीमच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधील लोहधारक घटकाच्या, उरलेल्या भागापासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य तयार होते. दर सेकंदाला सुमारे 20 लाख पेशी अशा बाद होतात आणि जवळजवळ तेवढ्याच अस्थिमज्जेतून रक्तात येतात. गरज पडल्यास अस्थिमज्जा हे उत्पादन सहा ते आठ पटींनी वाढवू शकते, म्हणूनच पेशींचे आयुष्य निम्म्यावर आले तरी हिमोग्लोबिनचा आकडा कधीकधी बिघडलेला दिसत नाही. ते 15-20 दिवसांवर घसरले की मात्र पुरवठा अपुरा पडतो.

अशा रुग्णाचे रक्त बारकाईने पाहिले तर पेशी लवकर मरत असल्याच्या खुणा सापडतात. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच रक्तात आलेल्या कोवळ्या पेशी, वाढलेल्या असतात. बिलिरुबिन वाढून डोळे पिवळसर दिसतात. मोकळे हिमोग्लोबिन पकडणारे हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन खर्ची पडते. आणि ऐन तारुण्यात पित्ताशयात खडे झालेले आढळतात. रेटिक्युलोसाइटची मोजणी ही साधी आणि स्वस्त तपासणी आहे, तरी तिला मिळायला हवे तेवढे महत्त्व मिळत नाही, असे मला वाटते.

पेशी लवकर मरण्याची कारणे अनेक आहेत. कधी शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वतःच्या पेशींवर प्रतिपिंडे चिकटवते. हे ओळखणारी कूम्ब्स चाचणी 1945 पासून उपलब्ध आहे. कधी पेशीच्या आवरणातील प्रथिनांत आनुवंशिक दोष असतो आणि ती चपटी न राहता गोल होते. जी-6-पीडी या विकराची (एन्झाइमची) उणीव असलेली व्यक्ती एरवी ठणठणीत असते, पण प्राइमाक्विनसारखे मलेरियावरील औषध घेतले की तिच्या पेशी झपाट्याने फुटू लागतात.

हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांत दोष पेशीतील मुख्य प्रथिनातच असतो. प्रौढ हिमोग्लोबिनच्या रेणूत दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. बीटा साखळीत 146 अमिनो आम्ले असतात, आणि त्यांपैकी सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येणे, एवढ्याशा फरकातून सिकलसेल आजार उद्भवतो. विळ्यासारख्या पेशींचे पहिले वर्णन जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये केले. हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवले, आणि नेमका कोणता घटक बदलला आहे ते व्हर्नन इन्ग्राम यांनी 1957 मध्ये सिद्ध केले. ऑक्सिजन सोडून दिल्यानंतर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतील खोबणीत बसते, रेणूला रेणू जोडून लांब तंतू तयार होतात आणि पेशी ताठर होते. तंतू बनण्याचा वेग पेशीतील हिमोग्लोबिनच्या संहतीवर, म्हणजे दाटपणावर, फार अवलंबून असतो, म्हणून शरीरातील पाणी कमी झाले की पेशी आक्रसते आणि तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. ताठर पेशी 10 ते 20 दिवसच जगतात, पण रुग्णाला रक्तक्षयापेक्षा अधिक छळतात त्या तुंबलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या. लहानपणीच प्लीहा निकामी होत असल्याने जंतुसंसर्गाचा धोकाही मोठा असतो.

थॅलेसेमियात साखळीची रचना बहुधा ठीक असते. ती पुरेशी बनत नाही. बीटा थॅलेसेमियात जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या अस्थिमज्जेतील पेशींतच न विरघळणाऱ्या साक्याच्या रूपाने साचतात आणि कोवळ्या पेशी रक्तात येण्यापूर्वीच मरतात. शरीर आणखी पेशी बनवण्याचा खटाटोप करते, अस्थिमज्जा फुगते, चेहऱ्याची हाडे रुंदावतात, आणि त्याच धडपडीत आतड्याला अधिक लोह शोषण्याचा संदेश जातो. गंभीर प्रकारात नियमित रक्त द्यावेच लागते. रक्ताच्या एका पिशवीबरोबर 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात येते, तर शरीर दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम गमावते आणि जादा लोह बाहेर टाकण्याची यंत्रणा त्याच्याकडे नाही. हे लोह हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठून त्यांचे नुकसान करते, म्हणून लोह बांधून बाहेर काढणारी डिफेरासिरॉक्ससारखी औषधे रक्ताइतकीच जीवनावश्यक असतात.

बीटा साखळीच्या या दोन्ही आजारांची लक्षणे जन्मतः दिसत नाहीत. गर्भातील हिमोग्लोबिनमध्ये बीटाच्या जागी गॅमा साखळी असते, आणि जन्मानंतरच्या काही महिन्यांत ती मागे पडते. तेव्हा गॅमा साखळीचे उत्पादन पुन्हा सुरू करता आले तर? हायड्रॉक्सियुरिया हे औषध सिकलसेलच्या रुग्णांत काही प्रमाणात तेच साधते. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने मान्यता दिलेला जनुक-संपादन उपचार त्याच दिशेने पुढे जातो: रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी (स्टेम सेल) काढून, गॅमा साखळीला आवर घालणाऱ्या बीसीएल-11-ए या जनुकाचे रक्तपेशींमधील नियंत्रण क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने तोडले जाते. मात्र त्या पेशी परत देण्यापूर्वी जोरकस केमोथेरपीने जुनी अस्थिमज्जा रिकामी करावी लागते, आणि हा भाग मुळीच सौम्य नाही.

हे सदोष जनुक एवढे टिकले कसे, याचे उत्तर मलेरियात आहे. सिकलसेलचे एकच सदोष जनुक असलेल्या वाहकांना गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. वाहक सहसा निरोगीच असतात. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकाच्या पेशी लहान आणि फिक्या दिसतात, त्या लोहाच्या कमतरतेसारख्याच, आणि म्हणून त्यांना महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, पुरेसे असून पेशी लहान असतील, तर हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-2 हा एरवी अल्प असणारा प्रकार साडेतीन टक्क्यांहून अधिक आहे का, हे पाहावे. दोघे जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. आधीचे मूल निरोगी जन्मले म्हणून पुढच्या वेळी ती कमी होत नाही, आणि आजारी जन्मले म्हणून वाढतही नाही.