पायात ताकद आहे, पण उभं राहवत नाही

मे महिन्यात सोलापुरात कुणाला गरगरलं, उलटी झाली, की निदान घरातच होतं: ऊन लागलं. कांदा फोडतात, लिंबू-सरबत पाजतात, पंख्याखाली आडवं करतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण यंत्रमागावरून उठलेल्या पन्नाशीच्या माणसाचं डोकं अचानक मागच्या बाजूने ठणकू लागलं, उलट्या थांबेनात आणि दोघांनी धरूनही तो उभा राहीना, तर उन्हाच्या भरवशावर थांबू नका. लहान मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो.

हा लहान मेंदू कवटीच्या मागच्या खोबणीत असतो. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी 69 अब्ज इथेच. हुकूम मोठा मेंदू सोडतो, हा त्याला वळण लावतो. मागावर तुटलेलं सूत झटकन गाठणारी बोटं त्याच्याच जोरावर चालतात.

वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने इथल्या बारीक धमन्या कमजोर होतात आणि एखादी फुटते. फसगत पुढे होते. तोंड सहसा वाकडं होत नाही, हातपाय लुळे पडत नाहीत, म्हणून ‘लकवा नाही’ असं समजून घरचे निर्धास्त राहतात. खाटेवर पडल्या पडल्या पेशंट दोन्ही पाय उचलून दाखवतो. बसवला की एका अंगाला कलंडतो. नाकाला बोट लाव म्हटलं, तर ते थरथरत गालावर जातं.

मला सगळ्यात भीती वाटते ती अरुंद जागेची. हाडाच्या त्या खोबणीत पुढ्यातच मेंदूचा देठ असतो, श्वास त्याच्यावर चालतो. मेंदूतल्या पाण्याची वाटही तिथूनच जाते. रक्ताची गाठ वाढली की वाट तुंबते, देठ दाबला जातो आणि बोलता बोलता माणूस पेंगू लागतो. ‘झोपू द्या, बरं वाटेल’ म्हणण्यात हेच तास जातात. सीटी स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, काही मिनिटांत कळतं. गाठ 3 सेंटीमीटरहून मोठी असेल किंवा देठ दाबला जात असेल, तर बहुधा तातडीने ऑपरेशन करावं लागतं. ते वेळेत झालं, तर पुन्हा आपल्या पायांनी चालणारे पेशंट आहेत.

तेव्हा आधी 108 ला फोन करा. सरबत पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाईल. डोकं दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. कुशीवर वळवून ठेवा. डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर आली’ न म्हणता ‘उभं राहता येत नाही’ असं सांगा, कधीपासून तेही सांगा. रोजच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. त्यात रक्त पातळ करणारी गोळी असली, तर तिचा परिणाम उतरवण्यापासून उपचार सुरू करावे लागतात.